स्ट्रोकच्या रुग्णांचा मृत्युदर: मोजायचा कसा आणि दोन रुग्णालयांत ताडून पाहायचा कसा

एका जिल्हा रुग्णालयात वर्षभरात स्ट्रोकचे २०० रुग्ण आले आणि त्यातले २२ दगावले, म्हणजे ११ टक्के. मोठ्या शहरातल्या रेफरल रुग्णालयातही २०० आले, तिथे ३६ गेले, म्हणजे १८ टक्के. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पुढेही हेच वापरू. ११ हा १८ पेक्षा कमी, म्हणून पहिलं रुग्णालय बरं, असं लगेच म्हणावंसं वाटतं. ते का म्हणू नये आणि त्याऐवजी काय करावं, हे इथे पायरीपायरीने दिलं आहे. एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात, काम करणारे, क्वालिटी सेलमध्ये नव्याने आलेले, पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) रेझिडेंट आणि आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणारे कार्यकर्ते हे सगळं स्वतः करू शकतात. एक्सेल येत असलं की पुरे.

गणित या कामाचा लहानसा भाग आहे. खरा घाम निघतो तो तीन गोष्टींत: कोणाला मोजायचं, कितव्या दिवसापर्यंत मोजायचं आणि तो माणूस दारात आला तेव्हा किती वाईट अवस्थेत होता, हे त्याच वेळी लिहून ठेवायचं. यातलं एक जरी सुटलं तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर ते भरून काढू शकत नाही.

पहिली पायरी: यादी पक्की करा

आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, कोडपासून सुरुवात करा. आय६० म्हणजे मेंदूच्या आवरणाखालचा, सबअरॅक्नॉइड रक्तस्राव. आय६१ म्हणजे मेंदूच्या आत झालेला रक्तस्राव. आय६३ म्हणजे रक्तवाहिनी बंद पडून झालेला इस्केमिक स्ट्रोक. आय६४ म्हणजे स्ट्रोक आहे, पण रक्तस्रावाचा की गुठळीचा हे ठरलेलं नाही. आय६२ मध्ये मार न लागता झालेला सबड्युरल रक्तस्राव वगैरे येतो, तो या मोजणीत सहसा घेत नाहीत. जी४५, म्हणजे थोड्या वेळात पूर्ण ओसरलेला टीआयए, बाहेर ठेवा. त्यात मृत्यू फारच कमी असतात, त्यामुळे तो मिसळला की दर उगाच खाली येतो. आय६९ हा जुन्या स्ट्रोकच्या मागे राहिलेल्या अपंगत्वाचा कोड आहे, तोही बाहेर.

आय६४ बद्दल मात्र सावध राहा. कोडिंग नीट झालेलं नाही म्हणून या केसेस गाळून टाकायचा मोह होतो. पण सीटी स्कॅन होण्याआधीच जो रुग्ण गेला, त्याचा कागद बहुतेक वेळा याच कोडखाली जातो. आय६४ गाळलात तर सगळ्यात आजारी रुग्ण यादीतून गेले आणि मृत्युदर आपोआप सुधारला. हे रुग्ण ठेवा, वेगळ्या रकान्यात दाखवा आणि त्यांचं प्रमाण किती ते लिहा. एखाद्या ठिकाणी ते बरंच जास्त दिसलं तर सीटी कधी आणि किती जणांचा होतो, हा पहिला प्रश्न तिथेच विचारता येतो.

कोडची यादी एकटी पुरत नाही. एका महिन्यापुरती ती चार वह्यांशी ताडून पाहा: कॅज्युअल्टीचं रजिस्टर, सीटीचं रजिस्टर, फार्मसीतून गेलेल्या आल्टेप्लेझ आणि टेनेक्टेप्लेझ या गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या नोंदी आणि मृत्यूचं रजिस्टर. कॅज्युअल्टीत दोन तासांत गेलेल्या रुग्णाला कित्येकदा आयपीडी नंबरच (भरतीचा क्रमांक) पडत नाही, म्हणून तो एमआरडीच्या यादीत येत नाही. तो मोजायचा आहे. दारात आणतानाच मृत असलेला, म्हणजे ब्रॉट डेड, मोजायचा नाही. ही रेषा आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण तुलनेतलं प्रत्येक रुग्णालय ती आपापल्या परीने ओढत असतं.

उलटी चूकही होते. साखर एकदम उतरलेला, फिट येऊन गेल्यावर हात लुळा पडलेला, यकृताच्या आजाराने भान हरपलेला रुग्ण कॅज्युअल्टीत ‘सीव्हीए’ (स्ट्रोकचंच दुसरं नाव) म्हणून लागतो आणि निदान बदललं तरी मुखपृष्ठावर तेच राहतं. यादीतले कोणतेही ३० केस पेपर चिठ्ठ्या टाकून काढा आणि ज्याला सीटी वाचता येतो अशा डॉक्टरांना दाखवा. ३० पैकी तीन-चारांहून जास्त चुकीचे निघाले तर पुढे जाऊ नका, यादी पुन्हा करा.

दुसऱ्याच आजारासाठी दाखल असताना ज्याला वॉर्डात स्ट्रोक झाला, त्याची गणना वेगळी ठेवा. आणि इस्केमिक व रक्तस्रावाचा स्ट्रोक एकाच आकड्यात कधीच मिसळू नका. रक्तस्रावात पहिल्या महिन्यात मरण्याचा धोका इस्केमिकपेक्षा कितीतरी जास्त असतो. न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयाकडे रक्तस्रावाचे रुग्ण जास्त पाठवले जातात आणि एकत्रित आकड्यात ते रुग्णालय विनाकारण वाईट दिसतं.

दुसरी पायरी: कशाला भागायचं

१८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या आकड्यांवरून लंडनच्या रुग्णालयांचा तक्ता छापला. २४ रुग्णालयं, १८६१ या वर्षातले मृत्यू ३,८२८, ८ एप्रिल १८६१ रोजी खाटांवर असलेले रुग्ण ४,२१४ आणि मृत्युदर ९०.८४ टक्के! वर्षभराच्या मृत्यूंना एका दिवसाच्या रुग्णसंख्येने भागलेलं होतं. त्या वर्षी दाखल झालेल्या सगळ्या रुग्णांनी भागलं असतं तर आकडा कितीतरी खाली आला असता. त्यावरून तेव्हाच्या डॉक्टरांनी मोठा वाद घातला आणि त्या वादात त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आजच्या वह्यांत ही चूक वेगळ्या रूपात येते. भाजक म्हणून ‘भरती’ मोजल्या जातात, माणसं मोजली जात नाहीत. एकच माणूस तालुक्याला दाखल झाला, तिथून जिल्ह्याला गेला, तिथून शहरात गेला आणि तिथे वारला. तीन भरत्या, एक माणूस, एक मृत्यू. अशा साखळीला एकच प्रकरण धरा. मग प्रश्न येतो की मृत्यू कोणाच्या नावावर? अमेरिकेच्या मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, मोजणीत तो पहिल्यांदा दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयाच्या नावावर जातो. यामागचं कारण पटण्यासारखं आहे: नाहीतर अत्यवस्थ रुग्ण वेळीच पुढे पाठवून कोणीही आपला दर खाली ठेवू शकेल. आपल्याकडे पहिलं रुग्णालय कित्येकदा फक्त सलाइन लावून रेफर करतं, म्हणून आमची सूचना अशी की ‘थेट आलेले’ आणि ‘रेफर होऊन आलेले’ असे दोन रकाने ठेवा आणि दोन्हींचे दर स्वतंत्र काढा. रेफर होऊन आलेला रुग्ण जास्त गंभीर असू शकतो. पण पहिला दिवस काढून, शंभर किलोमीटर ॲम्ब्युलन्समध्ये तग धरून आला म्हणून तो कमी धोक्यातलाही असू शकतो. दोन्ही ओढी एकाच वेळी चालू असतात, म्हणून अंदाज बांधू नका, वेगळं मोजा.

तिसरी पायरी: ३० दिवस, घरी गेलेलेही धरून

रुग्णालयात झालेले मृत्यू मोजणं सोपं आहे, म्हणून बहुतेक जण तेच मोजतात. पण एका ठिकाणी रुग्णाला पाचव्या दिवशी घरी सोडतात आणि दुसऱ्या ठिकाणी चौदाव्या, तर आठव्या दिवशी न्यूमोनियाने झालेला मृत्यू दुसऱ्याच्या वहीत दिसेल आणि पहिल्याच्या वहीत दिसणारच नाही. खाट लवकर रिकामी करणारा या मोजणीत आपोआप जिंकतो. म्हणून सगळ्यांना सारखी खिडकी लावायची: दाखल झाल्याचा दिवस शून्य आणि तिथून ३० व्या दिवसापर्यंत कुठेही झालेला मृत्यू. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या तुलनेत दोन्ही आकडे वेगवेगळे छापले जातात, एक त्याच रुग्णालयात झालेल्या मृत्यूंचा आणि एक रुग्णालयाबाहेरचे मृत्यू जोडून. इतरांचा आकडा वाचताना यातला कोणता, हे आधी बघा. इंग्लंडचा एसएचएमआय हा रुग्णालयनिहाय मृत्यूंचा निर्देशांक तर आणखी निराळा आहे. त्यात रुग्णालयातले आणि सुटी मिळाल्यापासून ३० दिवसांतले मृत्यू येतात, म्हणजे खिडकी दाखल होण्यापासून नव्हे तर घरी जाण्यापासून मोजली जाते.

खिडकीबरोबर माणसं कुठली, हेही बघावं लागतं. मुंबईच्या एच वॉर्डात २००५ आणि २००६ या दोन वर्षांत वस्तीतल्या लोकांची स्ट्रोक नोंदणी झाली, तिच्यात पहिल्यांदाच स्ट्रोक झालेल्यांपैकी २९.८ टक्के २८ दिवसांत वारले. हा आकडा मोलाचा आहे, पण तो वस्तीचा आहे. रुग्णालयात न पोचलेलेही त्यात आहेत. तुमच्या वॉर्डाचा १५ टक्के दर त्याच्याशेजारी ठेवून ‘आम्ही मुंबईच्या निम्म्यावर आलो’ असं लिहिणं चूक ठरेल.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा खड्डा: डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची आशा संपली किंवा पैसे संपले की नातेवाईक सही करून घेऊन जातात. माणूस घरी किंवा वाटेतच जातो. मृत्यूच्या कारणाचं रुग्णालयाने भरायचं नमुना ४ चं प्रमाणपत्र तिथे बनतच नाही, नोंद गावात होते आणि रुग्णालयाच्या वहीत ‘डिस्चार्ज’ असा शिक्का राहतो. अमेरिकेच्या मोजणीत सल्ल्याविरुद्ध गेलेले रुग्ण वगळले जातात. तिथला तो नियम इथे जसाच्या तसा उचलला तर मृत्यूंचा मोठा हिस्सा त्याबरोबर वाहून जाईल. डामाचे रुग्ण वगळू नका. त्यांना ३० व्या दिवसापर्यंत शोधा आणि अहवालात त्यांची संख्या ठळक लिहा. ज्या अहवालात डामाचा रकाना नाही, त्याची इतर कोणाशी तुलना करू नका.

शोधायचं कसं? फोनवर. दाखल करतानाच तीन नंबर घ्या: घरातला, सोबत आलेल्या नातेवाइकाचा आणि शेजारी किंवा गावातल्या आशाताईंचा. ३० दिवसांनी फोन येईल हे तेव्हाच सांगा, त्यासाठी लेखी परवानगी घ्या आणि ती केस पेपरला लावा. एथिक्स कमिटीला विचारायचं असेल तर तेही काम सुरू करण्याआधी. फोन ३० ते ३७ या दिवसांत करा. किमान तीन प्रयत्न, वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा शेतावर किंवा कामावर असलेली माणसं उचलत नाहीत. ‘जिवंत आहेत का’ असं विचारू नका. ‘काकांची तब्येत आता कशी आहे?’ असं विचारा, उत्तर आपोआप येतं. मृत्यू झाला असेल तर तारीख विचारून घ्या, दोन शब्द सांत्वनाचे बोला आणि बाकीचे प्रश्न सोडून द्या. बिलिंगच्या टेबलावरून हा फोन कधीच करू नका. बाकी राहिलेल्या पैशांसाठी आहे असं समजून तो कट होतो.

पत्ता लागला नाही तर ‘माहिती नाही’ लिहा. रिकामा रकाना एक्सेलमध्ये नकळत ‘जिवंत’ ठरतो, ही फार वेळा होणारी चूक आहे. पहिल्या रुग्णालयात समजा १४ जणांचा पत्ता लागलेला नाही. ते सगळे जिवंत धरले तर दर २२ भागिले २०० म्हणजे ११ टक्के. सगळे गेले असं धरलं तर ३६ भागिले २००, म्हणजे १८ टक्के. बरोबर दुसऱ्या रुग्णालयाचा आकडा! पत्ता न लागलेले ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा आणि त्याच्या वर गेले तर दोन्ही टोकांचे आकडे छापा.

चौथी पायरी: दारात असतानाची अवस्था

हा या कामाचा कणा आहे. स्ट्रोकचा रुग्ण महिन्याभरात जगेल की नाही, हे कशानेही सांगता येत असेल तर ते पहिल्या तपासणीतल्या गंभीरतेने. ती मोजायची पट्टी म्हणजे एनआयएच स्ट्रोक स्केल, वॉर्डातल्या बोलीत एनआयएचएसएस. भान, नजर, चेहरा, हात, पाय, बोलणं अशा १५ बाबी, एकूण गुण ० ते ४२, जास्त गुण म्हणजे जास्त इजा. शिकलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटं लागतात.

तिने किती फरक पडतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७८२ रुग्णालयांतले मेडिकेअरचे १,२७,९५० इस्केमिक स्ट्रोकचे रुग्ण घेतले होते. वय, लिंग आणि जुने आजार एवढ्यावर बेतलेल्या मॉडेलचा, म्हणजे मृत्यूच्या धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या गणिताचा, सी-स्टॅटिस्टिक ०.७७२ होता, एनआयएचएसएस जोडल्यावर तो ०.८६४ झाला. सी-स्टॅटिस्टिक म्हणजे वारलेला एक आणि वाचलेला एक अशी जोडी घेतली तर वारलेल्याला जास्त धोका मॉडेलने किती वेळा दिला, त्याचं प्रमाण. ०.५ म्हणजे नाणेफेक. त्याहून महत्त्वाचं असं की ‘अपेक्षेपेक्षा वाईट’ ठरलेल्या रुग्णालयांपैकी ५७.७ टक्के या एका आकड्याने ‘अपेक्षेप्रमाणे’ या गटात आली. निम्म्याहून जास्त रुग्णालयांवरचा ठपका चुकीचा होता. ऑक्टोबर २०१६ पासून अमेरिकेत हे गुण नोंदवायला आर२९.७ हा स्वतंत्र कोड आला.

नोंद करताना पुढच्या गोष्टी सांभाळा. गुण आल्याबरोबरचे हवेत, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देण्याआधीचे आणि झोपेचं औषध देण्याआधीचे. दुसऱ्या दिवशी राउंडला मोजलेले गुण उपचाराचा परिणाम पोटात घेऊन येतात. कोमातल्या रुग्णाचे गुण ‘तपासता आलं नाही’ म्हणून कोरे सोडू नका, त्याच्यासाठीही पट्टीत नियम आहेत. कोरे राहतात ते बहुधा दोन टोकांचे: अत्यवस्थ, ज्याच्यापुढे कोणाला वेळ नसतो, आणि अगदी सौम्य, ज्याचे मोजायची गरज वाटत नाही. म्हणून कोऱ्या जागी सरासरी भरणं धोक्याचं आणि शून्य भरणं त्याहून वाईट. पूर्ण गुण नसतील तर निदान शुद्धीची पातळी लिहा: पूर्ण जागा, हाक मारल्यावर जागा होणारा, टोचल्यावरच हलणारा, काहीच प्रतिसाद नसलेला. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या एसएसएनएपी या राष्ट्रीय ऑडिटमध्येही हीच पर्यायी सोय आहे.

पट्टीला मर्यादा आहेत. मेंदूच्या मागच्या भागातल्या स्ट्रोकला ती कमी गुण देते, चक्कर आणि तोल जाणारा रुग्ण दोन गुणांवर असूनही जिवाच्या धोक्यात असू शकतो. बोलण्याला गुण असल्याने मेंदूच्या डावीकडच्या इजेला उजवीकडच्यापेक्षा झुकतं माप मिळतं. रक्तस्रावासाठी आयसीएच स्कोअर जास्त उपयोगी आहे. त्यात जीसीएस (शुद्धीचे गुण), ३० मिलिलिटर किंवा जास्त रक्त, व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे मेंदूतल्या पोकळीत, उतरलेलं रक्त, लहान मेंदू किंवा ब्रेनस्टेममधली जागा आणि वय ८० किंवा जास्त, एवढं बघून ० ते ६ गुण होतात.

गंभीरतेबरोबर वय, स्ट्रोकचा प्रकार आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) एवढं घेतलं तरी चांगलं मॉडेल बनतं, एसएसएनएपीचं मॉडेल साधारण याच चार गोष्टींवर उभं आहे. स्ट्रोकआधी रुग्ण स्वतःचं स्वतः करत होता का, हे आम्ही आवर्जून जोडायला सांगू. पण एक नियम मोडू नका: दाखल झाल्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट मॉडेलमध्ये घालायची नाही. चौथ्या दिवशी झालेला ॲस्पिरेशन न्यूमोनिया (अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा), सेप्सिस, बेडसोअर यांना ‘रुग्णाची जोखीम’ धरलं तर गिळण्याची तपासणी न करता पेज पाजणाऱ्या वॉर्डाला त्याच चुकीची सूट मिळते.

पाचवी पायरी: अपेक्षित मृत्यू

तुलनेतल्या सगळ्या रुग्णालयांचे रुग्ण एकत्र करा आणि प्रत्येक गंभीरता-गटाचा मृत्युदर काढा. परदेशातले दर उसने घेऊ नका. त्या दराने रुग्णालयाच्या त्या गटातल्या रुग्णसंख्येला गुणलं की अपेक्षित मृत्यू मिळतात. आपल्या उदाहरणात समजा असे आले:

| एनआयएचएसएस | समूहाचा दर | पहिलं: रुग्ण | अपेक्षित मृत्यू | दुसरं: रुग्ण | अपेक्षित मृत्यू |
|---|---|---|---|---|---|
| ० ते ४ | २% | १२० | २.४ | ४० | ०.८ |
| ५ ते १५ | १०% | ६० | ६.० | ८० | ८.० |
| १६ व पुढे | ४०% | २० | ८.० | ८० | ३२.० |
| एकूण | | २०० | १६.४ | २०० | ४०.८ |

प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागा. पहिलं: २२ भागिले १६.४, म्हणजे १.३४. दुसरं: ३६ भागिले ४०.८, म्हणजे ०.८८. चित्र उलटलं. ११ टक्केवालं रुग्णालय अपेक्षेच्या वर गेलं, १८ टक्केवालं खाली आलं.

इथे एक बारीक पण गंभीर इशारा. १.३४ आणि ०.८८ या दोन गुणोत्तरांची एकमेकांशी सरळ तुलना करता येत नाही. प्रत्येक गुणोत्तर ‘याच रुग्णांना समूहाच्या सरासरीने वागवलं असतं तर’ या प्रश्नाचं उत्तर आहे आणि दोघांचे रुग्ण वेगळे आहेत. पहिल्या रुग्णालयाने दुसऱ्याचे ८० अत्यवस्थ रुग्ण कसे सांभाळले असते, हे यातून कळत नाही.

खऱ्या कामात गंभीरतेच्या प्रत्येक गटाचे वयानुसार आणखी दोन-तीन भाग करा. एखाद्या चौकटीत पूर्ण समूह मिळूनही दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर ती शेजारच्या चौकटीत मिसळा. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक गोष्टींवरून मृत्यूची शक्यता काढायची संख्याशास्त्रीय पद्धत, वापरणार असाल तर दर व्हेरिएबलमागे निदान दहा मृत्यू हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरतो.

सहावी पायरी: योगायोग किती

२२ मृत्यू ही लहान संख्या आहे. पुढच्या वर्षी काहीही न बदलता १६ किंवा २९ होऊ शकतात. म्हणून खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, त्याच्या मर्यादा काढा. एक्सेलमध्ये सीएचआयआयएनव्ही (CHIINV) हे फंक्शन आहे. खालच्या मर्यादेसाठी त्यात ०.९७५ आणि मृत्यूंची दुप्पट घाला, वरच्यासाठी ०.०२५ आणि मृत्यूंमध्ये एक मिळवून त्याची दुप्पट घाला, दोन्ही उत्तरांना २ ने भागा. २२ साठी १३.८ ते ३३.३ येतं. १६.४ ने भागलं की गुणोत्तराची मर्यादा ०.८४ ते २.०३. दुसऱ्यासाठी २५.२ ते ४९.८, म्हणजे ०.६२ ते १.२२. दोन्हींत १ बसतो. म्हणजे या आकड्यांवरून दोघांपैकी कोणालाही समूहापेक्षा चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. हेच उत्तर अहवालात लिहायचं.

झटपट अंदाजासाठी: १६ मृत्यूंना साधारण ५० टक्के वरखाली, १०० मृत्यूंना २० टक्के वरखाली. दर १५ टक्के असेल तर १०० मृत्यूंसाठी सुमारे ६७० रुग्ण लागतात. लहान रुग्णालयाला त्यासाठी तीन वर्षं एकत्र करावी लागतील. अमेरिकेतही बराच काळ तीन वर्षांची माहिती एकत्र करत असत आणि २५ हून कमी रुग्ण असतील तर निकाल देत नाहीत.

बरीच रुग्णालयं असतील तर क्रमवारी लावू नका, फनेल प्लॉट काढा. आडव्या अक्षावर रुग्णसंख्या, उभ्यावर दर, मधोमध समूहाची सरासरी आणि दोन्ही बाजूंना मर्यादारेषा, ज्या डावीकडे रुंद आणि उजवीकडे निमुळत्या होत जातात. सरासरी १५ टक्के असेल तर १०० रुग्णांच्या रुग्णालयासाठी दोन प्रमाण-विचलनांची रेषा ७.९ आणि २२.१ वर येते, ४०० रुग्णांसाठी ११.४ आणि १८.६ वर. ४० रुग्णालयं असतील तर निव्वळ योगायोगाने दोनेक या रेषांबाहेर पडणारच, म्हणून चौकशी तीन विचलनांच्या रेषेपलीकडे गेल्यावर सुरू करा. मात्र जिथे निम्मी रुग्णालयं रेषांबाहेर दिसतात, तिथे बहुधा मॉडेलमध्ये गंभीरता नीट आलेली नाही. पहिल्या चार पायऱ्यांकडे परत जा.

रेषेबाहेर पडलेल्या रुग्णालयाकडे जाताना

चौकशीचा क्रम ठरलेला ठेवा. आधी माहिती: कोडिंग, सुटलेले रुग्ण, डामा, न लागलेले फोन. मग रुग्ण: रेफर किती, गुण किती जणांचे कोरे. मग साधनं: सीटी रात्री चालतो का, स्ट्रोक युनिट आहे का, एका सिस्टरकडे किती रुग्ण. मग उपचाराची पद्धत. एखाद्या डॉक्टरचं नाव सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा तिथवर जायची गरजच पडत नाही. उलटा क्रम धरला की लोक आकडे लपवायला लागतात आणि पुढच्या वर्षी तुमच्या हातात वहीच राहत नाही.

मृत्यूंचे केस पेपर दिवसांनुसार वेगळे काढा. पहिल्या दोन-तीन दिवसांतले मृत्यू बहुधा मेंदूच्या इजेमुळेच आणि सुजेमुळे होतात. तिथे आल्यापासून सीटीपर्यंतचा वेळ, रक्तदाब, गुठळीचं इंजेक्शन, न्यूरोसर्जनला केलेला फोन बघा. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत न्यूमोनिया, लघवीच्या नळीमुळे झालेला जंतुसंसर्ग, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं ही कारणं वाढतात. ही बरीचशी टाळता येतात. प्रत्येक पेपरमध्ये एकच गोष्ट शोधा: तोंडाने पहिला घोट देण्याआधी गिळण्याची तपासणी झाल्याची वेळ लिहिलेली आहे का? ही नोंद नसलेले पेपर मोजले की पुढच्या महिन्याचं काम ठरतं.

उपचार थांबवण्याचे निर्णयही वेगळे नोंदवा, तारीख आणि वेळेसकट. मेंदूतल्या रक्तस्रावात पूर्वीपासून तशी इच्छा नसेल तर ‘पुनरुज्जीवन नको’ हा निर्णय किमान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावा, असं अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण लवकर घेतलेला निर्णय स्वतःच मृत्यूचं कारण बनू शकतो. असे रुग्ण वगळू नका. दर दोन्ही प्रकारे काढा, त्यांच्यासह आणि त्यांच्याविना. फरक मोठा असेल तर कुटुंबाशी बोलणं कोण आणि केव्हा करतं, ते पाहा.

त्याच फोनवर आणखी एक प्रश्न

मृत्युदर कमी झाला म्हणजे रुग्ण बरे झाले, असं नेहमी नसतं. मेंदूची मोठी सूज आलेल्या ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत कवटीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेवर युरोपात तीन चाचण्या झाल्या. २००७ मध्ये त्यांचे एकत्रित निकाल आले, तेव्हा वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण २९ वरून ७८ टक्क्यांवर गेलं होतं. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागत होता. म्हणून सुधारित रँकिन स्केल जोडा: ० म्हणजे काहीच त्रास नाही, ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. ३० व्या दिवशी फोन लागला असेल तर ९० व्या दिवशीही तोच नंबर बहुधा लागतो. तेव्हा तीन गोष्टी विचारा: आधाराशिवाय चालता का, अंघोळ आणि कपडे स्वतःचे स्वतः होतात का, आणि स्ट्रोकआधी करत होता ती सगळी कामं करता का. पहिल्या दोन्हींना ‘हो’ आलं तर रुग्ण बहुधा २ किंवा त्याच्या आत आहे, एकालाही ‘नाही’ आलं तर ३ च्या वर आहे का ते आणखी विचारून ठरवा. उत्तर रुग्णाने स्वतः दिलं की नातेवाइकाने, हेही शेजारच्या रकान्यात लिहा.